गुहा-सर्वेक्षण प्रणालीतील नकाशा-मांडणी (जुन्नर लेणी)

गुहा-सर्वेक्षण प्रणालीतील नकाशा-मांडणी म्हणजे गुहेत घेतलेली मोजमापे, त्यांच्या आधारे काढलेली रेखाटने आणि त्यांपासून तयार होणारे नकाशे यांची संगणकातील परस्परसंबद्ध रचना होय. ही रचना बिघडली की मोजमापे अचूक असूनही नकाशा चुकतो. एखादे दालन नकाशातून गायब होते, दोन दालने एकमेकांवर चढतात, किंवा एका लेण्याची आकृती दुसऱ्याच्या नावाखाली छापली जाते. पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा लेणीसमूह या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. या प्रणाली मुळात लांबच लांब नैसर्गिक गुहांसाठी घडल्या, तर जुन्नरला शेकडो लहान, सुटी, मानवनिर्मित दालने अनेक डोंगरांवर विखुरलेली आहेत.

पार्श्वभूमी

जुन्नर शहराच्या सभोवती चार प्रमुख लेणीस्थाने आहेत. शहराला लागून शिवनेरी, दक्षिणेस मानमोडी, पश्चिमेस तुळजा आणि उत्तरेस कुकडी नदीपलीकडे सुमारे ५ किलोमीटरवर लेण्याद्री. मानमोडीच्या डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट मानले जातात. ही लेणी प्रामुख्याने बौद्ध असून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतच्या काळात दख्खनच्या बेसाल्ट खडकात कोरली गेली. त्यांची एकूण संख्या दोनशेहून अधिक असल्याचे सर्रास सांगितले जाते. नेमका आकडा मात्र ग्रंथागणिक बदलतो. हा फरक निव्वळ मोजणीतील निष्काळजीपणाचा नसून 'एक लेणे' कशाला म्हणायचे याबाबतच्या मतभेदाचा आहे, आणि नकाशा-मांडणीतील बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच आहे.

या लेण्यांची नोंद घेण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. कर्नल साइक्स यांनी येथील शिलालेखांच्या नकला १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० मध्ये, तर बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांमधील शिलालेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रकाशित झाला. हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९१२ मध्ये ब्राह्मी शिलालेखांची जी यादी सिद्ध केली, तीत जुन्नरच्या लेखांना देशभरच्या अनुक्रमातले स्वतंत्र क्रमांक मिळाले. पुढे विद्या देहेजिया (१९७२) आणि एस. नागराजू (१९८१) यांनी लेण्यांच्या कालक्रमाचा नव्याने विचार केला. परिणामी एकाच दालनाला स्थानिक नाव, लेणे-क्रमांक आणि शिलालेख-क्रमांक अशा तीन ओळखी असणे येथे नित्याचे आहे.

क्रमांकांचा प्रश्न

लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख असून त्यांचे क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. त्यांपैकी ६ व १४ क्रमांकांची लेणी चैत्यगृहे आहेत. सहाव्या लेण्यातील लेखानुसार ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान होय. चौदावे लेणे कपिलाचा नातू व तापसाचा पुत्र आनंद याने दिले. सातवे लेणे हा मोठा विहार असून दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या त्यात आहेत. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे मंदिर म्हणून आज प्रसिद्ध असलेले स्थान ते हेच.

येथे पहिली अडचण उद्भवते. नकाशावर उत्तर दिशा वर ठेवल्यास हे क्रमांक उजवीकडून डावीकडे जातात. मराठी वाचकाच्या डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय असते, आणि रेखाटन करणाऱ्याच्या हातालाही. त्यामुळे रेखाटनांना नावे देताना संपूर्ण रांग उलटी लागण्याची चूक सहज घडते. ती प्रणालीला कधीच उमगत नाही, कारण तिच्या दृष्टीने प्रत्येक नाव वैधच असते. अशी चूक शोधण्यासाठी रांगेतील एखाद्या असमान अंतराचा आधार घ्यावा लागतो. सहा आणि सात ही लेणी शेजारी आहेत, तर दुसरे चैत्यगृह त्यांपासून बरेच पश्चिमेस आहे. नकाशावर चौदावे लेणे सातव्याच्या पूर्वेस दिसले, तर रांग उलटली हे निश्चित.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. जुन्नर परिसरात 'लेणे क्रमांक ३' एक नसून अनेक आहेत. तुळजा गटातील तिसरे लेणे हे बारा खांबांच्या वलयात स्तूप असलेले प्रसिद्ध वर्तुळाकार चैत्यगृह होय. लेण्याद्रीचे तिसरे लेणे हे निराळेच दालन आहे. पुस्तकात संदर्भावरून अर्थ कळतो, पण संगणकाला संदर्भ नसतो. त्याला गटाचे नाव जोडलेला क्रमांकच द्यावा लागतो.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती पाण्याच्या टाक्यांविषयीची आहे. लेण्यांच्या यादीत टाकी बहुधा शेजारच्या लेण्यात समाविष्ट केली जातात, म्हणजे त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळत नाही. जुन्नरच्या शिलालेखांत मात्र टाके, म्हणजे प्राकृतातील 'पोढी', हे स्वतःच दानाची वस्तू म्हणून येते. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढींचे दान दिल्याचा लेख येथे आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ या वर्षाचा लेख मानमोडीच्या भीमाशंकर गटात आहे. पश्चिम क्षत्रपांच्या कालगणनेच्या चर्चेत तो वारंवार उद्धृत होतो. त्यात एक पोढी आणि एक मंडप अशी दोन दाने नोंदवली आहेत. एकच लेख दोन वास्तूंशी जोडलेला असल्यामुळे 'एक क्रमांक, एक वास्तू, एक लेख' हे सोपे समीकरण येथे कोसळते. टाक्याला नकाशात स्वतंत्र ओळख दिली नाही, तर लेखातील निम्म्या दानाला नकाशावर जागाच उरत नाही. अभ्यासकाला लेख सापडतो, पण त्यात सांगितलेले टाके कोणते हे पुन्हा डोंगरावर जाऊन ठरवावे लागते.

दोन उतरंडी

गुहा-सर्वेक्षणाच्या प्रचलित मुक्त प्रणालींत 'सर्व्हेक्स' आणि 'थेरियन' या प्रमुख आहेत. सर्व्हेक्स मोजमापांवरून स्थानकांची त्रिमित जागा काढते. मार्टिन बुदाय आणि स्ताखो मुद्राक या स्लोव्हाक लेखकांनी घडवलेली थेरियन त्या स्थानकांवर रेखाटने बसवून छापण्याजोगा नकाशा तयार करते. पुढील विवेचन मुख्यतः थेरियनच्या परिभाषेत आहे, कारण नकाशांची मांडणी हे तिचेच क्षेत्र होय.

थेरियनमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन उतरंडी असतात. पहिली 'सर्व्हे'ची उतरंड. एका सर्व्हेच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा अशी ती रचना असून तिचे काम नावांना कुंपण घालण्याचे असते. लेण्याद्रीच्या सर्व्हेत सातव्या लेण्याचा सर्व्हे असेल, तर त्यातील पहिल्या स्थानकाचे बाहेरून दिसणारे नाव स्थानक, मग लेणे, मग गट या क्रमाने, म्हणजे आतून बाहेर लिहिले जाते. टपालाच्या पाकिटावर आधी घर, मग गाव, मग तालुका लिहितात तसेच हे आहे. दुसरी उतरंड 'मॅप'ची. रेखाटनाच्या एका तुकड्याला 'स्क्रॅप' म्हणतात. काही स्क्रॅप मिळून एक मॅप होतो आणि असे अनेक मॅप मिळून मोठा मॅप होतो.

या दोन उतरंडी सारख्याच असाव्यात असे नवशिक्याला वाटते, आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. मोजणी कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने, कोणी केली यावर सर्व्हेची उतरंड ठरते. वाचकाला काय एकत्र पाहायचे आहे, यावर मॅपची उतरंड ठरते. एका दिवसात भूतलिंग गटाची अर्धी लेणी मोजून झाली, म्हणून नकाशातही तो गट दुभंगावा असे मुळीच नाही. उलट, सगळ्या चैत्यगृहांचा तुलनात्मक नकाशा हवा असल्यास लेण्याद्रीची दोन, तुळजाचे वर्तुळाकार आणि इतर गटांतील चैत्यगृहे एका मॅपमध्ये गोळा करता येतात. त्यासाठी मोजमापांच्या धारिकांना हात लावण्याची गरज नसते. सर्व्हेची रचना डोंगरानुसार आणि मॅपची रचना प्रश्नानुसार, असा विभाग केल्यास पुढचे बरेच काम वाचते.

मॅपविषयी एक नियम विसरला जातो. एका मॅपमध्ये एक तर केवळ स्क्रॅप असावे लागतात किंवा केवळ इतर मॅप, यांची सरमिसळ चालत नाही. लेण्याद्रीचा मॅप आधी स्क्रॅपांचा केला आणि मग त्यात टाक्यांचा छोटा मॅप घालू गेले, की प्रणाली तक्रार करते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक लेण्याचा, मग त्यात एकच स्क्रॅप असो, आरंभापासूनच स्वतंत्र मॅप करणे. सुरुवातीला हे निरर्थक वाटते, परंतु दहाव्या लेण्यानंतर कोणालाही तसे वाटत नाही.

सुटी दालने आणि जोडमार्ग

नैसर्गिक गुहेत एका तोंडातून शिरून सलग मोजत जाता येते. जुन्नरला प्रत्येक लेण्याचे तोंड स्वतंत्र आहे. त्यामुळे मोजमापे भरल्यावर 'हे स्थानक जाळ्याशी जोडलेले नाही' अशा अर्थाचा दोष दिसतो, आणि तो एकाच वेळी बहुतेक सर्व लेण्यांसाठी दिसतो. हा दोष मोजणीचा नसून जोडणीचा असतो.

त्याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक तोंडापाशी उपग्रहाधारित स्थाननिश्चिती करून ते स्थानक स्थिर करणे. मात्र उभ्या कड्याच्या पायथ्याशी आकाशाचा जवळपास अर्धा भाग झाकलेला असतो, त्यामुळे असे स्थान काही मीटरांनी चुकू शकते. दोन लगतच्या लेण्यांमधील भिंत दोन-तीन मीटरचीच असेल, तर या चुकीमुळे एक दालन दुसऱ्यात घुसलेले दिसते. म्हणून दुसरा उपाय अधिक विश्वासार्ह ठरतो. लेण्यांसमोरील कड्याच्या पायरीवरून एक जोडमार्ग मोजायचा, त्याला पृष्ठभागावरील मोजणी अशी खूण द्यायची आणि प्रत्येक लेण्याचे पहिले स्थानक 'इक्वेट' या आज्ञेने त्या मार्गावरील स्थानकाशी एकरूप करायचे. ही खूण राहून गेली, तर कड्यावरची वाटचाल लेण्यांच्या लांबीत मिसळते आणि एकूण लांबीचा आकडा निरर्थक होतो. अशा जोडमार्गाची दोन टोके मोकळ्या जागी असल्यास केवळ तेथेच उपग्रहाची मदत घेणे पुरेसे असते.

सलग गुहेत मार्ग वळून पुन्हा पहिल्या स्थानकाशी आला, की चूक आपोआप उघडी पडते. एका रांगेत बसलेल्या लेण्यांत असे बंद वेटोळे क्वचितच मिळते. तुळजाचे वर्तुळाकार चैत्यगृह हा सुखद अपवाद होय. मध्यभागी स्तूप असल्यामुळे आरपार दृष्टी जात नाही, खांबांच्या वलयाभोवती फिरूनच मोजावे लागते, आणि मोजणारा शेवटी जेथून निघाला तेथेच येतो.

रेखाटनांचे दोष

स्क्रॅपमधील आकृती स्थानकांच्या आधाराने ताणून योग्य जागी बसवली जाते. रेखाटनात नावनिशी दाखवलेली स्थानके पुरेशी नसल्यास प्रणाली आकृतीचे प्रमाण ठरवू शकत नाही. नाव असूनही ते चुकीचे असल्यास आकृती भलतीकडे ओढली जाते आणि खोलीची चौकट समांतरभुज होते. नैसर्गिक गुहेत हा दोष लपून राहतो, कारण वेडावाकडा मार्ग थोडा अधिक वाकडा झाला तर कळत नाही. जुन्नरच्या विहारात काटकोन आहेत, समान खोल्यांच्या रांगा आहेत. सातव्या लेण्याच्या वीस खोल्यांपैकी एका बाजूच्या सात तिरक्या दिसू लागल्या, तर स्थानकाच्या नावात चूक झाल्याचे तत्काळ लक्षात येते. कोरीव लेणे हे येथे स्वतःच एक तपासणी-यंत्र ठरते. मात्र प्राचीन कारागिरांचे काटकोन पूर्ण नव्वद अंशांचे होते असे गृहीत धरून रेखाटन 'सुधारणे' हा त्याहून मोठा प्रमाद आहे.

प्रत्येक खोलीसाठी वेगळा सर्व्हे उघडण्याचा मोह टाळावा. मोठ्या विहाराच्या मध्यावर एक-दोन स्थानके घेऊन तेथून खोल्यांच्या कोपऱ्यांपर्यंत किरण-मोजणी केली तरी पुरते, आणि सबंध दालन एकाच स्क्रॅपमध्ये राहते. शिवनेरीसारख्या ठिकाणी, जेथे लेणी कड्याच्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत, तेथे मात्र दोन दालनांच्या तळविन्यासांची आकृती एकमेकींवर येऊ शकते. अशा वेळी ती वेगळ्या स्क्रॅपमध्ये काढून मॅपच्या यादीत त्यांच्यामध्ये 'ब्रेक' हा शब्द लिहिल्यास प्रणाली त्यांना भिन्न पातळ्यांवरील मानते.

तळविन्यास आणि उभा छेद हे दोन भिन्न प्रक्षेप असून त्यांचे स्क्रॅप एका मॅपमध्ये नांदत नाहीत. 'नकाशा रिकामा आला' या सर्वाधिक ऐकू येणाऱ्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. निवडलेला मॅप एका प्रक्षेपाचा आणि मागितलेला नकाशा दुसऱ्या प्रक्षेपाचा असतो. याउलट, मांडणी-धारिकेत कोणताही मॅप निवडलाच नाही, तर प्रणाली त्या प्रक्षेपाचे सगळे स्क्रॅप सरसकट छापते. मग जुने, रद्द केलेले, प्रयोगासाठी काढलेले असे सारेच एकावर एक दिसू लागतात. 'लेणे दोनदा आले' या तक्रारीचा उगम येथे शोधावा.

बेसाल्ट आणि होकायंत्र

मांडणीचा दोष म्हणून दिसणाऱ्या काही चुका प्रत्यक्षात खडकाच्या असतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे खडकाला चिकटून घेतलेले होकायंत्राचे वाचन काही अंशांनी ढळू शकते. विजा पडलेल्या माथ्यांवर हे विचलन आणखी वाढते. लेण्यांपाशी बसवलेले लोखंडी कठडे व जाळीचे दरवाजेही तोच परिणाम घडवतात. चुनखडीच्या गुहांत रुळलेल्या इलेक्ट्रॉनिक मोजणी-उपकरणांतही चुंबकीय संवेदकच असतात, त्यामुळे ती येथे होकायंत्राहून अधिक निर्दोष नाहीत.

असा दोष ओळखण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. प्रत्येक रेषा पुढून आणि मागून, दोन्ही टोकांवरून मोजायची. दोन्ही दिशाकोनांत १८० अंशांचा फरक हवा. तो नसेल आणि एकाच स्थानकाशी संबंधित सर्व रेषांत सारखाच फरक आढळत असेल, तर ते स्थानक बाधित आहे. तेथील दिशाकोन टाळून दोन रेषांमधील अंतर्कोन वापरावा, किंवा त्या भागाची मोजणी थिओडोलाइट अथवा टोटल स्टेशनने करावी.

याच्या तुलनेत चुंबकीय दिक्पाताचा प्रश्न जुन्नरला किरकोळ आहे, कारण या भागात तो एका अंशाहूनही कमी असतो. पण त्याच आकाराची आणखी एक दुरुस्ती दुर्लक्षिली जाते. जुन्नर यूटीएम पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात, ७५ अंश पूर्व या मध्य रेखावृत्ताच्या पश्चिमेस सुमारे एक अंशावर येते. त्यामुळे जाळीची उत्तर व खरी उत्तर यांत सुमारे एक तृतीयांश अंशाचा फरक पडतो. ३०० मीटर लांबीच्या लेणीरांगेच्या टोकाला हा फरक जवळजवळ दोन मीटरचा होतो. निर्देशांक-पद्धती 'सीएस' या आज्ञेने नीट घोषित केल्यास प्रणाली हे गणित स्वतः करते. एव्हरेस्ट उपगोलावर आधारलेल्या जुन्या स्थलवर्णन-पत्रकांवरील निर्देशांक आणि आजच्या उपग्रहीय पद्धतीचे निर्देशांक एकाच घोषणेखाली भरल्यास मात्र संपूर्ण डोंगरच कित्येक दहा मीटरांनी सरकतो.

नावे आणि लिपी

थेरियनमध्ये सर्व्हे, स्क्रॅप व मॅप यांची आंतरिक नावे रोमन अक्षरे, अंक आणि मोजक्या चिन्हांतच लिहावी लागतात. शीर्षके मात्र देवनागरीत देता येतात. छपाईसाठी ही प्रणाली टेक् या अक्षरजुळणी-यंत्रणेवर विसंबते. तिच्या पारंपरिक आवृत्तीत जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी आपोआप जुळत नाहीत. 'लेण्याद्री'चे जोडाक्षर मोडते, 'शिवनेरी'ची वेलांटी भलत्या अक्षरापाशी जाते. यासाठी आकृती शीर्षकांविना काढून मराठी अक्षरे नंतर रेखाचित्र-संपादकात चढवण्याचा मार्ग अनेकदा सोयीचा पडतो.

रोमन नावे ठरवताना स्थानिक नामसाम्य ध्यानात ठेवावे लागते. मानमोडीतील 'भीमाशंकर' गट आणि आंबेगाव-खेड भागातील भीमाशंकर ज्योतिर्लिंग यांचा एकमेकांशी नकाशाच्या दृष्टीने काही संबंध नाही. तरीही दोन्ही तालुके एका प्रकल्पात घेतल्यास दोन्ही नावे एकमेकांवर आदळतात. 'अंबा-अंबिका' गटाचे नाव लघुरूपात लिहिले, तर ते शेजारच्या आंबेगावच्या लघुरूपाशी जुळते. गावांच्या नावांवर विसंबणेही धोक्याचे आहे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले असून तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. जुन्या कागदांत 'आंबेगावपासून इतके अंतर' असे लिहिलेले आढळल्यास ते अंतर पाण्याखालील गावापासून मोजलेले आहे. अशा नोंदी प्रणालीत भरताना त्या जागी निर्देशांक द्यावेत आणि मूळ शब्द टिपणीत जसेच्या तसे ठेवावेत. लेण्यांच्या क्रमांकांनाही हेच लागू पडते. बर्जेस व त्यानंतरच्या अभ्यासकांचे क्रमांक, ल्यूडर्सच्या यादीतील लेख-क्रमांक आणि गावकऱ्यांच्या तोंडी असलेले नाव, ही सर्व त्या लेण्याच्या सर्व्हेच्या शीर्षकात वा टिपणीत नोंदवावीत. आंतरिक नाव मात्र एकदा ठरले की बदलू नये, कारण इतर सर्व धारिकांतील जोडण्या त्याच नावाने केलेल्या असतात.